मिलिंद महाविद्यालयाचा इतिहास आणि मराठी समीक्षेचा एक शब्द

गेल्या पन्नास वर्षांत दलित साहित्यावर मराठीत जी समीक्षा झाली, तिच्यातील काही शब्द आता इतके रुळले आहेत की, ते लिहिताना लेखकास आणि वाचताना वाचकास क्षणभरही थबकावेसे वाटत नाही. हे साहित्य म्हणजे एक ‘उद्रेक’ होता, शतकानुशतके दडपलेल्या वेदनेचा ‘स्फोट’ होता, एक ‘ज्वालामुखी’ होता, असे आपण वारंवार वाचतो. हे शब्द गौरवाच्या भावनेनेच योजलेले असतात, याविषयी आम्हांस संशय नाही. तथापि, ते सारे निसर्गाच्या अंध शक्तींवरून घेतलेले आहेत, इकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. ज्वालामुखीस शिकावे लागत नाही. त्यास ग्रंथालय लागत नाही, वसतिगृह लागत नाही, वार्षिक अंकाचा संपादक लागत नाही. ज्या साहित्याचे वर्णन आपण असे करतो, त्यामागे काही अभ्यास, काही शिस्त, काही संस्था असू शकेल, हा विचारच या उपमांमुळे मनात येईनासा होतो.

आम्ही स्वतः या दोषापासून मुक्त आहोत असे नव्हे. शाळेत मराठी शिकविताना ‘उद्रेक’ हा शब्द आम्ही कितीदा फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाही. काही दिवसांपूर्वी दहावीच्या वर्गात एका दलित आत्मकथनावरील पाठ शिकवीत असता एका विद्यार्थिनीने साधा प्रश्न केला, “सर, पण हे लेखक कोणत्या शाळेत शिकले?” आम्हांस लेखकाचे जन्मगाव ठाऊक होते, पुस्तकाचे प्रकाशनवर्ष ठाऊक होते, शाळा-महाविद्यालय मात्र आठवेना. मुख्याध्यापकाने शाळा विसरावी, याहून लाजिरवाणे काय असणार? प्रस्तुत लेख हे त्या मुलीस उशिरा दिलेले उत्तर समजावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयाचा इतिहास हा केवळ एका शिक्षणसंस्थेचा किंवा एका समाजाच्या उन्नतीचा इतिहास नाही, तो मराठी वाङ्मयेतिहासाचा एक भाग आहे, आणि तो तसा वाचला न गेल्यामुळेच आपल्या समीक्षेस निसर्गातील उपमांचा आश्रय घ्यावा लागला.

हा विषय इंदुरातून का मांडावा, असे कोणी विचारील. ज्यांनी ही संस्था उभारली त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले होते. इंदुरात १९१७ साली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी महूच्या त्या मुख्याध्यापकांचे चिरंजीव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील व लंडनमधील अभ्यासाची पहिली पायरी ओलांडून मायदेशी परतले. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. परंतु मराठी वाङ्मयाचा आणि आंबेडकरी विद्येचा प्रवाह एकमेकांच्या इतक्या जवळून वाहत असता आपण त्यांचे नकाशे वेगवेगळ्या पुस्तकांत काढले, हे इंदूरकर वाचकांस तरी जाणवावे.

आता संस्थेच्या इतिहासाकडे वळू. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ च्या जुलैत झाली. १९४६ च्या जूनमध्ये तिचे पहिले महाविद्यालय, सिद्धार्थ महाविद्यालय, मुंबईत सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत. मुंबईनंतर पुणे किंवा नागपूर निवडावे असे कोणासही वाटले असते. बाबासाहेबांनी औरंगाबाद निवडले. मराठवाडा तेव्हा नुकताच, १९४८ च्या सप्टेंबरात, निजामाच्या अमलातून मुक्त झाला होता. उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि पदवी मिळवू इच्छिणाऱ्यास बहुधा हैदराबादेची वाट धरावी लागे. तेथपर्यंत जाण्याची ऐपत सुखवस्तू घरांतही थोड्यांचीच. मग गावकुसाबाहेरच्या मुलाची काय कथा? अशा प्रदेशात १९५० च्या जूनमध्ये हे महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन १९५८ सालचे. म्हणजे विद्यापीठ येण्याच्या आठ वर्षे आधी हे महाविद्यालय तेथे उभे होते.

महाविद्यालयास पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसरास ‘नागसेनवन’. पाली भाषेतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद म्हणजे मिनँडर प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो. आमच्यासारख्या शिक्षकास या नामकरणात एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. उत्तर देणाऱ्याचे नाव भूमीस दिले आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयास. ज्यांच्या वाडवडिलांस प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता, त्यांची मुले ज्या दारातून आत येणार त्या दारावर प्रश्नकर्त्याचे नाव असावे, हे आम्हांस केवळ बौद्ध परंपरेचे स्मरण वाटत नाही. पुढे येथून जे साहित्य निघाले त्याचा मुख्य स्वर प्रश्नाचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावाचे औचित्य अधिकच पटते.

या संस्थेचे स्वरूप नीट समजून घ्यावयाचे तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांकडे पाहिले पाहिजे. ही तुलना आम्ही ओढूनताणून आणीत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केले, तेव्हापासून ही तुलना मराठीत रुजलेली आहे. फुले ती अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ अवघे सात वर्षांचे आणि वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ सहा वर्षांचे होते. पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाचे मूळ तर १८५४ पर्यंत जाते. पुढे १९४६ साली, म्हणजे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, बाबासाहेबांनी फिस्कचे पदवीधर असलेले विख्यात कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांस पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता, त्याच्या प्रती त्यांनी मागविल्या आणि ड्यू बॉइस यांनी त्यास उत्तरही धाडले. दोन्ही बाजूंना एकमेकांची जाणीव होती.

अमेरिकेत त्या काळी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाविषयी एक मोठा वाद झाला. टस्कीगी येथे १८८१ साली सुरू झालेल्या संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचा भर हस्तोद्योगावर होता. मनुष्य आधी कमावता व्हावा, प्रतिष्ठा मागाहून येईल, असे त्यांचे प्रतिपादन. ड्यू बॉइस यांचे मत याच्या उलट. समाजास सुतार आणि शेतकरी हवेत तसेच तत्त्वज्ञ, इतिहासकार आणि कवीही हवेत. उच्च विद्या नाकारून दिलेली भाकरी हीसुद्धा एक प्रकारची बेडीच, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. आपल्याकडे अस्पृश्यांच्या मुलांस शिवणकाम, सुतारकाम शिकवावे एवढ्यावर संतुष्ट असणारे हितचिंतक थोडे नव्हते. बाबासाहेबांनी मुंबईत कला, विज्ञान, वाणिज्य आणि विधी यांची महाविद्यालये काढली आणि औरंगाबादेतही कला-विज्ञानाचेच शिक्षण आरंभिले. या वादात ते कोणत्या बाजूस होते, हे त्यांच्या कृतीने सांगितले.

आता भेदही सांगितला पाहिजे, अन्यथा तुलना आंधळी होईल. अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत कृष्णवर्णीयांस गोऱ्यांच्या विद्यालयांत कायद्यानेच प्रवेश नव्हता. सार्वजनिक शाळांतील हा भेद तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली घटनाबाह्य ठरविला. आपल्याकडे १९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हाच अस्पृश्यता कायद्याने संपली होती. मिलिंद महाविद्यालय कोणत्याही एका जातीपुरते नव्हते; त्याची दारे सर्वांस खुली होती. त्याचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे अस्पृश्य समाजात जन्मलेले नव्हते. मग अशा महाविद्यालयाची वेगळी गरज काय होती? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, भाड्याच्या खोलीच्या दारात सापडते. शहरात खोली मागावयास गेलेल्या मुलास जात विचारली जाई. १९४४ पासून सरकारने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली होती, पण शिष्यवृत्तीच्या पैशाने खोली मिळतेच असे नाही आणि खानावळीतील पंगतीत जागाही मिळत नाही. म्हणून अशा संस्थेचा खरा गाभा व्याख्यानगृह नसून वसतिगृह असते. रात्री दहानंतर दिवा चालू ठेवण्याची मुभा, शेजारच्या खाटेवर तेच पुस्तक वाचणारा सोबती आणि ‘तू कोणाचा?’ असे न विचारणारा स्वयंपाकी, या तीन गोष्टी मिळाल्या म्हणजे काय घडते, हे ज्याने गरीब मुलांस शिकविले आहे त्यास वेगळे सांगावयास नको.

प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे १९७९ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्याची चर्चा बहुधा दारिद्र्याचे व भुकेचे चित्रण म्हणून होते आणि ते खरेही आहे. परंतु आईबापांविना वाढलेल्या मुलाच्या या कथेचा कणा भूक नाही, शाळा आहे. भूक ही शाळेच्या वाटेवरील अडचण म्हणून येते. लेखक पुढे याच नागसेनवनात शिकला आणि औरंगाबादेतच प्राध्यापक झाला, हे ध्यानी घेतले तर पुस्तकातील निवेदनाचा तो संथ, किंचित विनोदी, तक्रारीचा सूर न लावणारा स्वर कोठून आला, याचा उलगडा होतो. तो स्वर दूर उभे राहून स्वतःकडे पाहण्याचा आहे आणि असे अंतर शिक्षणाने पडते. स्फोटात असे अंतर संभवत नाही.

अमेरिकेतील उदाहरणेही हेच सांगतात. गुलामांची भजने ही तर उत्स्फूर्ततेची परमावधी मानली जातात. ती शेतांत आणि झोपड्यांत जन्मली हे खरे. परंतु जगापुढे ती आली ती १८७१ साली फिस्कच्या विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाने संस्थेसाठी निधी जमविण्याचा दौरा काढला तेव्हा. त्या निधीतून विद्यालयाची इमारत उभी राहिली. हॉवर्ड विद्यापीठात १९१६ साली ‘स्टायलस’ हे विद्यार्थ्यांचे वाङ्मयीन नियतकालिक निघाले. झोरा नील हर्स्टन या लेखिकेची आरंभीची कथा १९२१ साली त्यातच छापली गेली. त्या नियतकालिकाच्या प्रवर्तकांपैकी ॲलन लॉक यांनी १९२५ साली ‘द न्यू निग्रो’ हा संग्रह संपादिला आणि एका नव्या वाङ्मययुगास नाव दिले. पुढे १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या टोनी मॉरिसन या १९५३ च्या हॉवर्डच्याच पदवीधर. तेथील वाङ्मयेतिहासकार या साहित्याचा विचार करताना ही विद्यालये वगळीत नाहीत.

आपल्याकडील क्रम याच्याशी ताडून पाहावा. प्राचार्य चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. १९५५ साली महाविद्यालयात त्याचा प्रयोग बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाला आणि पुढील वर्षी नागपूरच्या धर्मांतर सोहळ्यासाठी जमलेल्या जनसमुदायापुढेही ते सादर झाले. महाविद्यालयाच्या रंगमंचावरून थेट लोकसागरापुढे गेलेली अशी नाटके मराठीत किती सापडतील? त्यानंतर डॉ. म. ना. वानखडे प्राचार्य झाले. ते अमेरिकेत शिकून आले होते आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा त्यांना परिचय होता. ते साहित्य डोळ्यांपुढे ठेवून दलित लेखकांनी आपले विद्रोही वाङ्मय निर्माण करावे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. १९६७ साली याच परिसरातून ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले आणि गंगाधर पानतावणे यांनी ते अर्धशतकाच्या आसपास चालविले. ‘मराठवाडा’च्या १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर जी चर्चा झाली, तीत या मंडळींचा पुढाकार होता. डॉ. जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवरील मराठी पुस्तकही याच प्रदेशातील मंथनाचे फळ आहे. मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती १९७२ साली. म्हणजे ज्यास आपण ‘उद्रेक’ म्हणतो, त्याच्या आधी निदान पाच वर्षे या साहित्याच्या स्वरूपाविषयी, प्रेरणेविषयी, नावाविषयीसुद्धा एका महाविद्यालयाच्या आवारात वाद-संवाद चालू होता.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो क्षुल्लक नाही. दलित साहित्यातील थोर नावांपैकी काहींचा महाविद्यालयाशी संबंध काय? अण्णाभाऊ साठे यांस तर शाळेचेही शिक्षण जवळजवळ लाभले नाही आणि त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची आहे. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालचा. तो मुंबईच्या कामगारवस्तीच्या अनुभवातून आला. नामदेव ढसाळांची कविता कोणत्याही अभ्यासक्रमातून निघालेली नाही. हे सारे आम्ही मान्य करतो. महाविद्यालय प्रतिभा निर्माण करते, असा आमचा दावा नाही. तीस वर्षे शिक्षकाचा पेशा करून इतका भ्रम आम्हांस उरलेला नाही. आमचा दावा याहून मर्यादित आहे. प्रतिभावंत लेखक कोठेही जन्मतो, पण साहित्य म्हणून ज्यास ओळखता येते तो व्यवहार लेखकाच्या एकट्याच्या बळावर उभा राहत नाही. त्यास वाचक लागतो, नियतकालिक लागते, एखाद्या कथेविषयी रात्रभर भांडणारे मित्र लागतात आणि ‘हे का लिहिले?’ असे विचारणारा समीक्षक लागतो. बागूल आणि ढसाळ यांनी जे लिहिले ते आपले आहे असे ओळखणारा, ते गावोगावच्या शाळांत नेऊन शिकविणारा जो वर्ग तयार झाला, तो फार मोठ्या प्रमाणात सिद्धार्थ आणि मिलिंद यांसारख्या महाविद्यालयांतून झाला. लेखकांची चरित्रे आपण लिहिली; या वाचकवर्गाचे चरित्र लिहावयाचे राहिले आहे.

या संस्थेवर लेखन झाले नाही असे नाही. परंतु गौरवग्रंथ व स्मरणिका यांचा एक स्वाभाविक दोष असतो. त्यांत कोनशिला असते, थोर पाहुणे असतात, नामांकित माजी विद्यार्थ्यांची यादी असते. विद्यार्थी मात्र नसतो. जो दोन वर्षे शिकून घरच्या ओढीने परत गेला, जो बी. ए. होऊन तालुक्याच्या गावी मास्तर झाला आणि ज्याने आयुष्यात एकच कविता महाविद्यालयाच्या वार्षिकात छापविली, त्याचे स्थान अशा ग्रंथात नसते. वस्तुतः वाङ्मयेतिहासाचे खरे साधन तोच आहे. त्याचप्रमाणे या विद्येस कोणती किंमत द्यावी लागली, हेही स्तुतिपर ग्रंथांत पुरेसे येत नाही. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यापाठोपाठ मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली. नाव प्रत्यक्षात आले १४ जानेवारी १९९४ रोजी. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे लागावीत, याचे कारण त्या नावाबरोबर शिकलेला दलित माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे येत होता, हेच असावे असे आम्हांस वाटते. ज्यांनी घरे जाळली त्यांना, दुर्दैवाने, या महाविद्यालयाचे महत्त्व आपल्या समीक्षकांपेक्षा अधिक नेमके कळले होते.

तेव्हा करावयाचे काय? आमची सूचना अगदी साधी आहे. मिलिंद महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांची, ‘अस्मिता’ व ‘अस्मितादर्श’च्या आरंभीच्या अंकांची समग्र सूची व्हावी. कोणत्या लेखकाचे पहिले लेखन कोठे छापले, कोणत्या प्राध्यापकाने ते तपासले, ग्रंथालयातून कोणती पुस्तके अधिक वाचली गेली, याचा शोध घेतला जावा. त्या पहिल्या पिढीतील जी मंडळी आज नव्वदीच्या घरात आहेत, त्यांच्या आठवणी वेळीच लिहून घ्याव्यात. आणि हे काम केवळ एका समाजाचे नसून मराठी साहित्यसंस्थांचे आहे, हे आपण मान्य करावे. महूपासून इतक्या जवळ असलेल्या आमच्या इंदुरातील मराठी संस्थांनी त्यात आपला वाटा उचलला तर ते त्यांस भूषणावहच होईल.

२००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी गंगाधर पानतावणे होते. १८७३ साली फुल्यांनी ज्या देशातील सज्जनांस आपले पुस्तक अर्पण केले, त्या देशात नागसेनवनातील एक अध्यापक समस्त मराठी साहित्याच्या वतीने उभा राहिला. या दोन घटनांमधील एकशे छत्तीस वर्षांत जे घडले, त्यास कोणता शब्द लावावा, याचा विचार वाचकांनीच करावा. आमच्या वर्गापुरते बोलावयाचे तर ‘उद्रेक’ हा शब्द आम्ही फळ्यावरून पुसला आहे. पुढील वर्षी तोच पाठ शिकविताना लेखकाच्या नावाखाली त्याच्या विद्यालयाचे नाव लिहू आणि त्या मुलीच्या प्रश्नापासून पाठास आरंभ करू.